पाण्याचे टेबल

मुलांनो, परवा माझ्या हाती एक पत्र पडले, ते तब्बल अठरा दिवसांचा प्रवास करून. पाकिटावर या सदराचे नाव आणि पुढे नुसते 'कारंजा' एवढेच. जिल्हा नाही, पिन कोड नाही. साहजिकच ते आधी वाशीम जिल्ह्यातल्या कारंज्याला, म्हणजे कारंजा (लाड) या गावी जाऊन आले. तिथल्या कोणा भल्या माणसाने लाल शाईने 'घाडगे पाहा' असे लिहून ते इकडे धाडले. आमचे कारंजा घाडग्यांचे. वर्धा जिल्ह्यातले, नागपूर-अमरावती महामार्गावरचे. तिसरे एक कारंजा उरणजवळ समुद्रकाठी आहे, आणि बागेत उडते ते कारंजे आणखी निराळे. आमचे पोस्टमनकाका पत्र देताना म्हणाले, "सर, तुमच्या वाचकायले सांगा न जी, गावाचं नाव पुरं लिहाले."

सांगितले, काका!

पत्र पाचवीतल्या एका मुलाचे आहे. तो लिहितो, 'सर, आमच्या बाई म्हणाल्या टेबल पाठ करून या. मी म्हटलं, टेबल कसं पाठ करू, त्याच्यावर तर आई भाजी चिरते. सगळे हसले. पण खरंच सांगा, पाढ्यांना टेबल का म्हणतात? त्यांना पाय कुठे असतात?'

बाळा, तुझा प्रश्न बावळटपणाचा मुळीच नाही. पण त्यातले 'सगळे हसले' हे दोन शब्द मला जरा बोचले. ते का, हे सांगायला मला थोडा वेळ लागेल. तोवर टेबलाकडे वळू.

टेबल हा शब्द इंग्रजीत आला लॅटिन भाषेतून. तिथे तो होता 'टाब्युला'. त्याचा अर्थ चार पायांची वस्तू असा नव्हता बरे का! अर्थ होता फळी, पाटी, सपाट तुकडा. लाकडाचा असो, दगडाचा असो की धातूचा. रोमन मुले शाळेत जायची ती मेण लावलेली लाकडी पाटी घेऊन, आणि तिच्यावर टोकदार काडीने अक्षरे कोरायची. रोमचे सगळ्यात जुने लिखित कायदे 'बारा टेबले' म्हणून ओळखले जातात. इसवी सनापूर्वी ४५० च्या सुमाराचे. ते काशाच्या पत्र्यांवर कोरून भर चौकात लावले होते, असे परंपरेने सांगतात. म्हणजे आपल्या राजांचे ताम्रपट, तशातलाच प्रकार.

आता फळी एकच, पण तिच्यावर दोन कामे होऊ शकतात. तिच्यावर ताट ठेवा, किंवा तिच्यावर लिहा. ताट ठेवलेल्या फळीला पुढे पाय फुटले आणि ती झाली जेवणाचे टेबल. लिहिलेल्या फळीला पाय फुटले नाहीत; तिच्यावर आकडे ओळीने मांडले, नावे ओळीने मांडली, आणि त्या मांडणीलाच लोक टेबल म्हणू लागले. तेव्हा पाढ्यांचे टेबल हे जेवणाच्या टेबलाचे पोर नव्हे. ते त्याचे सख्खे भावंड आहे, दोघांची आई ती फळी. आणि टॅब्लेट म्हणजे 'छोटे टेबल', छोटी फळी, चपटी वडी. डॉक्टर देतात ती गोळी टॅब्लेट, आणि दादाने बोट फिरवत बसायची ती काचेची पाटीही टॅब्लेटच. रोमन पोरांची पाटी दोन हजार वर्षांनी पुन्हा पोरांच्याच हातात आली म्हणायची.

हसू नका, आपल्या घरातही हेच घडले आहे. जेवायला बसतो तो पाट. लिहितो ती पाटी. दोघेही संस्कृतातल्या 'पट्ट' या शब्दाचे वंशज. सोंगट्या खेळतो तो सारीपाट. गुरुजी नावे घेतात तो हजेरीपट, आणि शाळेत मुले किती, तर 'पटावर' इतकी. (यातले काही शब्द 'पट्ट'चे आणि काही कापड या अर्थाच्या 'पट'चे. त्या भाऊबंदकीत आज शिरत नाही, नाहीतर पान याच वादात संपेल.) बसायची, खेळायची आणि नावे मांडायची जागा, सगळीकडे तोच सपाट तुकडा.

पण पाढ्यांचे मात्र आपले वेगळे आहे. पढणे, पाठ, पाढा हे शब्द एका घरातले. इंग्रजांनी पाढ्याला नाव दिले ते ज्याच्यावर लिहितात त्या फळीवरून, आणि आपण दिले ते म्हणणाऱ्या तोंडावरून. मला हा फरक फार आवडतो. आपले पाढे फळ्यावर राहिलेच नाहीत कधी. ते संध्याकाळी दिवा लागला की ओसरीवर राहायचे, परवच्याच्या वेळी. माझे आजोबा अडतीच्या दुकानात हिशेब लिहायचे. त्यांना तीसपर्यंतचे पाढे तर यायचेच, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीही यायची. पावकी म्हणजे पावाचा पाढा, निमकी अर्ध्याचा, औटकी साडेतीनचा. बाजारात कोणी विचारावे, साडेतीन रुपयाला एक संत्रे, तर सतरा संत्र्यांचे किती? आम्ही कागद शोधेपर्यंत आजोबा म्हणून मोकळे: साडेएकोणसाठ! करून पाहा पडताळा. ही निमकी लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहे.

दहावीच्या ताई-दादांचे टेबल म्हणजे आवर्तसारणी. रशियातल्या मेंडेलिव्हने ती १८६९ मध्ये मांडली. तेव्हा मूलद्रव्ये ठाऊक होती त्रेसष्टच. त्याने ती ओळीने मांडली आणि मध्ये चक्क रिकाम्या जागा सोडल्या, इथे कोणीतरी यायचे आहे म्हणून. त्या न आलेल्या पाहुण्यांना नावे देताना त्याने कोणता शब्द वापरला असेल? आपला संस्कृत 'एक'! अॅल्युमिनियमच्या पुढच्या रिकाम्या घराला तो म्हणाला 'एक-अॅल्युमिनियम'. सहा वर्षांनी, १८७५ मध्ये, पाहुणा आलाच. त्याचे नाव गॅलियम. आज त्या टेबलावर ११८ जण बसलेले आहेत. चांगल्या मांडणीचा हा गुण असतो: काय आहे ते ती दाखवतेच, पण काय नाही तेही दाखवते.

टाइमटेबलाविषयी जास्त सांगत नाही. तुमच्या दप्तरात एक असते आणि एसटी स्टँडवर एक असते, आणि दोन्ही पाळली जातात असे नाही.

आता पालकांच्या ओळखीचे टेबल. हे इंग्रजीच्या कोशात शोधू नका, हे आपणच घडवले आहे. तालुक्याच्या गावी कुठल्याही कचेरीत जा. "हे काम माझ्या टेबलाचं नाही, त्या टेबलाला विचारा." मग आपण त्या टेबलाला विचारायला जातो तर ते टेबल चहाला गेलेले असते. तिसरे टेबल सांगते की पहिल्या टेबलाची बदली झाली. इथे टेबल म्हणजे माणूस, त्याचे खाते, त्याचे अधिकार, सगळे एकत्र. लाकडाला पाय असून ते जागचे हलत नाही, पण ही टेबले सारखी इकडून तिकडे जात असतात. आणि 'टेबलाखालून' हा शब्द तर तुमच्या वडिलांना विचारा. इंग्रजीतही तो तसाच आहे, चोरून घेतल्या-दिल्याला. हा अर्थ परीक्षेत आला तर लिहावा, एरवी उपयोगात आणू नये.

मेजवानी आणि मेज हे दोन शब्दही आठवून ठेवा. टेबलाला मराठी शब्द म्हणून आपण 'मेज' सांगतो खरे, पण तोही आपण परक्यांकडूनच घेतलेला. कारण उघड आहे. आपण जमिनीवर बसणारी माणसे. उंच टेबल घरात नव्हतेच, तर शब्द कुठून असणार?

'गोलमेज परिषद' इतिहासात वाचली असेल. १९३० ते १९३२ या काळात लंडनला तीन वेळा भरली. तिचे इंग्रजी नाव 'राउंड टेबल'. इंग्रजांच्या जुन्या दंतकथेत आर्थर राजाचे गोल टेबल आहे. लांबट टेबलाला वरची जागा असते, खालची असते, आणि मानपानाचे भांडण असते. गोल टेबलाला वरची जागाच नाही. म्हणून सगळे बरोबरीने बसले आहेत असे दाखवायचे, तर नाव गोलमेज! डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिन्ही वेळा त्या परिषदेला होते आणि ज्यांना गावच्या पंगतीतही कोणी बसू देत नव्हते, त्यांचे म्हणणे त्यांनी तिथे मांडले. गांधीजी फक्त दुसऱ्या खेपेला, १९३१ मध्ये गेले. पाच वर्षांनी, १९३६ मध्ये, तेच गांधीजी आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या शेगावला राहायला आले; पुढे ते सेवाग्राम झाले. सहल गेली तर बापू कुटीत बापूंची बसण्याची जागा नीट पाहा. जमिनीवर बैठक. त्यांना भेटायला येणारी देशोदेशीची मोठी मोठी माणसेही खालीच बसायची. गोल नाही, चौकोनी नाही, टेबलच नाही. मग वरची जागा कुठून राहणार?

मोठ्यांच्या सभांमधला आणखी एक गमतीचा वापर आहे. डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असते तेव्हा बातम्यांत ऐका: 'अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात आला.' हे पटल म्हणजे टेबलच. इंग्लंडमध्ये एखादा विषय 'टेबल करणे' म्हणजे तो चर्चेला घेणे. आपणही तेच घेतले. पण अमेरिकेत 'टेबल करणे' म्हणजे तो विषय बाजूला सारणे, गुंडाळणे! बरोब्बर उलटे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज आणि अमेरिकी अधिकारी एका कागदावरून खूप वेळ भांडत बसले. एक म्हणे टेबल करा, दुसरा म्हणे मुळीच नको, विषय महत्त्वाचा आहे. शेवटी कळले की दोघांनाही तो विषय तातडीने चर्चेला हवाच होता. ही हकिकत इंग्लंडचे पंतप्रधान चर्चिल यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

आता स्वयंपाकघर. पाककृतीत टीस्पून आणि टेबलस्पून असे दोन चमचे येतात. लहान चमचा ५ मिलिलिटरचा, मोठा १५ चा. म्हणजे तिप्पट. मी एकदा सुट्टीच्या दिवशी हौसेने वाटली डाळ केली आणि मिठाच्या ठिकाणी छोट्याऐवजी मोठा चमचा वाचला. आमच्या घरी तो दिवस अजून काढतात. मीठ एकवेळ चालेल, पण पातळ औषधाच्या बाबतीत ही चूक फार महागात पडते. बाटलीबरोबर येणारे मापाचे टोपण फेकू नका, घरातल्या चमच्यावर विसंबू नका.

पाचगणीला गेलात तर टेबललँडवर जाल. जांभा दगडाचे भले मोठे सपाट पठार, जणू डोंगराचे डोके कोणी सुरीने कापले. दक्षिण आफ्रिकेत केप टाउन शहरामागे टेबल माउंटन आहे, आणि त्याच्या माथ्यावर पांढरा ढग पसरला की तिथले लोक म्हणतात, टेबलावर चादर अंथरली. आमच्याकडे तसे नाव मिळवलेले पठार नाही. पण कारंज्याच्या आसपासच्या टेकड्या नीट पाहिल्या तर त्याही माथ्याला सपाट दिसतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्याचा हा काळा दगड. त्या थरांमुळे डोंगराला पायऱ्या-पायऱ्या पडल्या. म्हणून या दगडाला 'ट्रॅप' म्हणतात. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ जिना. आमच्या गावाखाली एक भला मोठा दगडी जिना आहे, असे समजा.

आणि या जिन्यातच ते टेबल आहे, ज्याच्याविषयी सांगायचे मी टाळत होतो.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी आठवीच्या वर्गाला भाषांतरासाठी एक वाक्य दिले. 'द वॉटर टेबल हॅज गॉन डाउन.' वह्या गोळा केल्या. जवळच्या खेड्यातून रोज सायकलने येणाऱ्या एका मुलीने लिहिले होते, 'पाण्याचे टेबल खाली गेले आहे.' मी ते वर्गात मोठ्याने वाचले. वर्ग हसला. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "त्या टेबलावर मासोळ्या जेवतात का जी?" पुन्हा हशा. आणि मुलांनो, मीही हसलो. वहीवर लाल फुली मारली, बाजूला 'भूजल पातळी' असे लिहिले आणि पुढच्या वहीकडे वळलो. ती मान खाली घालून बसली होती. पुढचा आठवडाभर तिने वर्गात एकदाही हात वर केला नाही. ते माझ्या लक्षात आले नव्हते असे नाही. पण वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती आणि अभ्यासक्रम उरला होता, अशी सबब माझ्यापाशी होती.

मग पुन्हा वह्या तपासायची वेळ आली. तिच्या वहीचे शेवटचे पान उघडले गेले. त्यावर पट्टीने उभ्या-आडव्या रेघा मारलेल्या. पहिल्या रकान्यात तारखा. मग 'सकाळ', मग 'संध्याकाळ'. आणि खाली आकडे: १२, ८, साडेअकरा, साडेसात...

मी विचारले, "हे काय आहे?"

"टेबल आहे, सर."

"कशाचं?"

"पाण्याचं."

या खेपेला वर्गात कोणी हसले नाही.

मधल्या सुट्टीत तिने हळूहळू सगळे सांगितले. घरी संत्र्याची तीनशे झाडे. विहीर तीस हात खोल. पाऊस कमी झाला होता आणि शेजारच्या वावरात एक खोल बोअर झाली होती. संत्र्याला आंबिया बहर धरलेला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुले आणि मग बारीक फळे, ती काढायची थेट दिवाळीच्या आगेमागे. मधला सगळा उन्हाळा झाडांना पाणी लागते. वडील दोन मनांत होते, कर्ज काढून आपणही बोअर मारावी की बाग तोडून टाकावी. आजी म्हणायची, "मांगच्या साली त्या वावरात बोअर मारून पाह्यली, पाणी नाही, नुस्ता फुफाटा उडाला." रात्री घरात या गोष्टीवरून बोलाचाली व्हायची. आणि त्याच आठवड्यात मी फळ्यावर ते वाक्य लिहिले होते.

वॉटर टेबल म्हणजे काय, ते एकदा नीट समजून घेऊ. पाऊस जमिनीत मुरतो. आधी माती, मग मुरूम, मग भेगाळलेला खडक, यातून पाणी खाली खाली जाते. एका खोलीवर खडकातल्या सगळ्या भेगा आणि छिद्रे पाण्याने गच्च भरलेली असतात. या भरलेल्या भागाची वरची हद्द म्हणजे वॉटर टेबल. विहीर खणली की तिच्यात पाणी ज्या उंचीला येऊन थांबते, ती साधारण तीच हद्द. नदीकाठच्या रेती-गाळाच्या जमिनीत पाणी सगळीकडे सारखे सापडते. आमच्या काळ्या दगडात तसे नाही. दगड घट्ट, पाणी फक्त झिजलेल्या थरात आणि भेगांत. म्हणून एका विहिरीला पाणी आणि पन्नास पावलांवरच्या विहिरीत खडखडाट. शिवाय हे टेबल नावाप्रमाणे सपाटही नसते. टेकडीखाली ते जरा उंच, नाल्याकडे उतरते. आणि जिथून मोटरीने पाणी उपसतो तिथे त्याला नरसाळ्यासारखा खड्डा पडतो. दोन उपसे जवळजवळ असले की दोन नरसाळी एकमेकांत शिरतात. मग पाणी कोणाचे, हे भांडण वर जमिनीवर सुरू होते.

सरकारचा भूजल सर्वेक्षण विभागही राज्यभरातल्या ठराविक विहिरींची पाणीपातळी दरवर्षी ठराविक महिन्यांत मोजत असतो, पावसाळ्याच्या आधी आणि नंतरही. या मुलीने ते आपल्या विहिरीवर रोज केले. सुतळीला एक दगड बांधला, हाताहातावर गाठी मारल्या, आणि आजीला शेजारी उभे करून सकाळी शाळेत निघण्याआधी आणि संध्याकाळी मोटर बंद झाल्यावर दगड खाली सोडला. ओल्या गाठी मोजल्या की विहिरीत पाणी किती हात, ते कळले. (आजी शेजारी होती, हे विसरू नका. मोठे माणूस सोबत असल्याशिवाय कोणीही विहिरीच्या काठावर जायचे नाही. हे मी दटावून सांगतो आहे.)

तिच्या टेबलात काय दिसत होते? सकाळी बारा हात पाणी. मोटर चालली की संध्याकाळी आठ. रात्रभरात झरे भरून काढत ते साडेतीन हात. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकरा. रोज अर्धा हात तूट. घरातल्यांना विहीर सकाळी भरलेलीच दिसायची, आणि अर्धा हात काही डोळ्यांना कळत नाही. रकान्यात मात्र तो लपला नाही. सगळ्यात खाली तिने लिहिले होते: 'चोवीस निम्मे बारा.'

"हे कोणी शिकवलं तुला?"

"आजीनं. तिले निमकी येते."

चोवीस दिवस. म्हणजे मार्च सरायच्या आत विहीर कोरडी, आणि त्यापुढे एप्रिल, मे आणि अर्धा जून. मी गप्प बसलो. ज्या वाक्याचे भाषांतर तिला येत नाही असे मी ठरवले होते, त्या वाक्याचा अर्थ त्या वर्गात तिच्याइतका कोणालाच कळला नव्हता, मलाही नाही. आणि तिने लिहिलेले तरी काय चुकले होते? 'पाण्याचे टेबल' हाच त्या इंग्रजी शब्दांचा शब्दशः अर्थ आहे. इंग्रजांचे पोर ते पहिल्यांदा ऐकते तेव्हा त्याच्याही डोळ्यांपुढे चार पायच येत असणार.

पान फाडून द्यायला ती तयार नव्हती, म्हणून तिने वहीच वडिलांना दाखवली. त्यांनी काय केले ते तिने मला पुढे तुकड्या-तुकड्यांनी सांगितले. बोअर मारली नाही. झाडेही तोडली नाहीत. त्या वर्षीची बारीक फळे त्यांनी झाडून काढून टाकली. फळांचा भार नसला की झाड कमी पाण्यात तग धरते. रोजचे पाणी तिसऱ्या दिवसावर आणले, आळ्यांत वाळले गवत अंथरले. एका वर्षाचे उत्पन्न गेले, ते लहान नव्हते. आईने त्या दिवशी जेवण केले नाही, असेही ती बोलून गेली. जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा विहिरीत दोन हात पाणी उरले होते. तीनशेपैकी चाळीसेक झाडे वाळली. बाकीची उभी आहेत.

टेबल अजून चालू आहे. आता त्यात पावसाचा एक रकाना वाढला आहे.

माझी ती लाल फुली मी खोडली, पण तिच्या मनात एक व्यवहारी शंका होती. "सर, परीक्षेत काय लिहू? पाण्याचं टेबल का भूजल पातळी?"

"परीक्षेत भूजल पातळी लिही. मार्क त्यालाच आहेत."

"अन् वहीत?"

"वहीत तुझं राहू दे."

तर पाचवीतल्या मित्रा, पाढ्यांना पाय नसतात, ते का, हे तुला कळले. हे पान बाईंना दाखव, आणि हसणाऱ्यांनाही दाखव. जमलेच तर घरातल्या कोणा आजी-आजोबांना विचारून निमकीचा पाढा वीसपर्यंत लिहून काढ आणि मला पाठव. पत्त्यात 'घाडगे' लिहायला आणि 'जिल्हा वर्धा' लिहायला विसरू नकोस, नाहीतर तुझी निमकी वाशीम जिल्हा पाहून येईल.

पुढच्या आठवड्याचा शब्द मी निवडलेला नाही. तो त्या मुलीनेच दिला आहे. सायकलवर टांग टाकता टाकता तिने विचारले, "सर, इंग्रजीत विहीरबी 'वेल' अन् तब्येत बरी असली तरबी 'वेल', असं काऊन आहे जी?"

मी म्हटले, शोधतो.